मुकुटाखालचं डोकं

"आता काय ऐकू येतंय ते जसंच्या तसं म्हणा," ती म्हणाली आणि ओठांवरून शब्द ओळखायची सोय राहू नये म्हणून आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. दुकानातला टीव्ही चालू होता. कानाचं मशीन घ्यायला येणारी निम्मी माणसं टीव्हीसाठीच घेतात, मग परीक्षाही टीव्हीवरच घ्यावी, ही तिची जुनी पद्धत. त्या दिवशी कुठलंही बटण दाबा, एकच लग्न चाललं होतं. आजोबांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात दवंडी पिटल्यासारखं म्हणून दाखवलं, "ती बाई म्हणतेय, राणीसाहेबांच्या नंतर त्यांच्या थोरल्या सुनेनं हा मुकुट घातला. त्यानंतर तीस वर्षं तो कुणाच्याही डोक्यावर चढला नाही. आज पहिल्यांदाच."

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

आजोबांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्यांनी घसा साफ केला आणि सगळं परत म्हटलं, या वेळी एकेक शब्द सुटा करून. तीस. वर्षं. कुणाच्याही. डोक्यावर. मग मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "बरोबर आलं ना?"

"तुम्ही अगदी बरोबर ऐकलंत," ती म्हणाली. मशीनचा आवाज एक घर कमी करायचा होता, पण बोटांना बटण सापडेना. पडदाभर नवरीचं डोकं होतं. केसांच्या वरून तो अर्धा चंद्र, मधला पाणीदार हिरा, दोन्ही अंगांना उतरत गेलेली मोत्यांची बोंडं. ती मोत्यांची बोंडं चालताना एकमेकांवर आपटतात आणि घालणाऱ्या बाईला डोक्यात कोणीतरी दात वाजवतंय असं दिवसभर वाटत राहतं. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. राणीसाहेबांची थोरली सून म्हणजे तिची जाऊ, आणि आज नवरा म्हणून उभा होता तो जावेचा मुलगा. तिथवर सगळं खरं होतं. पण थोरल्या सुनेनंतर धाकटी सून होती. ती म्हणजे हीच. धाकट्या राजपुत्राची बायको, नऊ वर्षं. त्या मुकुटाखाली तिचं डोकं होतं, आणि ते डोकं आत्ता इथे, कानाच्या मशीनच्या दुकानात, धडावर शाबूत होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिला ती वर चढताना स्पष्ट कळली, पोटऱ्यांतून, पोटातून, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मुकुट गेला खड्ड्यात, असं तीच इतकी वर्षं म्हणत आली होती. बहिणीला, शेजारणीला, आरशाला. ते घर सोडलं तेव्हा एक बॅग घेऊन निघाली, मागे वळून पाहिलं नाही, कानाचं काम शिकली, दुकान टाकलं, आणि गावात तिला कोणी ओळखत नव्हतं याचा तिला अभिमान होता. तिचं लग्न घरगुती झालं होतं. त्या वर्षी म्हातारे महाराज अंथरुणाला खिळलेले, म्हणून गाजावाजा नको म्हणाले. पेपरात एक फोटो आला होता, तोही बाजूने काढलेला. लोक विसरले यात नवल नव्हतं. ती स्वतः लोकांवर कधी रागावली नाही. विसरणं वेगळं. हे विसरणं नव्हतं. कारण तो आवाज तिने ओळखला होता. प्रत्येक वाक्याआधी जीभ टाळ्याला लावून केलेला तो बारीक 'च्' आवाज. पडद्यावर खाली त्या बाईच्या हुद्द्याची पट्टी आली: राजघराण्याच्या दागिन्यांच्या जाणकार. घरात तिला सगळे 'दागिनेबाई' म्हणायचे. मुकुट पेटीतून काढायचा आणि पेटीत परत ठेवायचा मान तिचा. लग्नाच्या सकाळी सुया ओठांत धरून, मुकुटाची पट्टी धाग्याने तिच्या केसांत शिवत, तिच्या मागे उभी होती ती हीच बाई. "च्, हलू नकोस. च्, हसू नकोस फार, मोती वाजतात. च्, रडलीस तर पावडर उतरेल."

आई बाहेर बसली होती. त्या खोलीच्या बाहेर लांबलचक बोळासारखी जागा होती, तिथे एका उंच पाठीच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून. आईला आत येऊ दिलं नव्हतं, आत जागा कमी म्हणे. त्या खोलीत एक घोडा मावला असता. आईने कानात घालायला आपली छोटी फुलं दिली होती, सोन्याची, झिजून गुळगुळीत झालेली, आणि ती सकाळी तिने घातलीही होती. दागिनेबाईने दोन बोटांनी ती काढली आणि एका बशीत ठेवली. वाईट काही बोलली नाही. फक्त, "च्, याच्याबरोबर हे नको." मग ती तयार होऊन बाहेर आली तेव्हा आईची नजर आधी मुकुटाकडे गेलीच नाही, सरळ कानांकडे गेली. त्या नजरेचं तिने त्या वेळी काही केलं नाही. सबंध दिवस मान ताठ ठेवण्यात गेला. पट्टीची टोकं दोन्ही कानांच्या मागे हाडात रुतत होती, आणि संध्याकाळी ती शिलाई उसवल्यावर तिथे ओले लाल व्रण होते. नवऱ्याने विचारलं, दुखतंय का. चांगला माणूस होता तो. चांगला, म्हणजे उशी चांगली असते तसा. वाटेल तिकडे दाबा.

"आमचं झालं का?" आजोबांनी विचारलं.

"एक मिनिट बसा," ती म्हणाली. पडद्याच्या खालच्या कडेला नंबर धावत होता. मुकुटांविषयी, दागिन्यांविषयी तुमचे प्रश्न आमच्या तज्ज्ञांना थेट विचारा. तिने दुकानाचा फोन उचलला. उचलताना अजून काही ठरलेलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर केलंच नसतं. पलीकडे एक घाईतली मुलगी होती. तिने प्रश्न काय ते विचारलं. "मुकुट केसांत पक्का कसा बसवतात, ते विचारायचंय," ती म्हणाली. मुलीला प्रश्न आवडला. "छान आहे, थांबा हं, टीव्हीचा आवाज कमी करा, नाहीतर घुमतं." तिने रिमोट शोधला. तो आजोबांच्या मांडीवर होता. आजोबांना आवाज कमी नको होता, नुकता कुठे जग ऐकू यायला लागलं होतं, त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग ती वायर ताणत, फोन घेऊन काउंटरच्या टोकाला गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आपल्याबरोबर एक प्रेक्षक आहेत," सूत्रसंचालक म्हणाला. "बोला ताई."

"तीस वर्षं हा मुकुट कुणी घातला नाही, असं बाई आत्ता म्हणाल्या," ती म्हणाली.

"च्, बरोबर आहे," दागिनेबाई म्हणाली.

"मग माझ्या डोक्यावर तुम्ही काय शिवलं होतंत?"

आणि तेव्हा तिला तिचाच आवाज मागून ऐकू आला, क्षणभर उशिरा, टीव्हीतून, परक्या बाईचा असावा तसा जाड आणि धारदार: काय शिवलं होतंत. आजोबा खुर्चीत सरळ झाले. फोनमध्ये कोणी बोलत नव्हतं. तिला ती शांतता चांगली ओळखीची होती. त्या घरात जेवणाच्या टेबलावर कोणाकडून चमचा पडला की हीच शांतता पसरायची, आणि ज्याच्या हातून पडला त्याने ती आपल्या अंगावर घ्यायची असा रिवाज होता. नऊ वर्षं तिने घेतली. "बाई," ती म्हणाली, "तुमच्या ओठांत सुया होत्या. माझी आई बाहेर बसली होती. तुम्ही माझ्या कानातली फुलं काढून बशीत ठेवलीत. धाकट्यांचं लग्न झालं की नाही तेवढं सांगा. हो किंवा नाही." मागून तिचा आवाज तेच विचारत होता. हो किंवा नाही. दागिनेबाईने तोंड उघडलं असावं, कारण तो बारीक 'च्' ऐकू आला, पण त्याच्यामागून वाक्य आलं नाही. "फोनमध्ये काही अडचण दिसतेय," सूत्रसंचालक म्हणाला, आणि फ्रिजची जाहिरात लागली.

तिने फोन ठेवला. आता आनंद व्हायला हवा होता, निदान हलकं तरी वाटायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं झाकण बसलेल्या डब्यासारखं झालं होतं. एकदा उघडल्यावर आतला वास सगळीकडे. आजोबा तिच्याकडे टक लावून पाहत होते.

"अहो, तुम्ही टीव्हीतून बोललात."

"हो."

"खरं होतं ते?"

"हो."

आजोबांनी बराच विचार केला. "आमची ही असती तर," ते म्हणाले, "फोन केला नसता. टीव्हीच फोडला असता." मग खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. ती रडत नव्हती, तरी तिने तो घेतला, आणि त्यांच्या कानातलं मशीन काढून, त्याच रुमालाने पुसून परत बसवलं, कारण काम अर्धवट ठेवायची तिला सवय नव्हती.

घरी जाताना रस्ताभर मुकुट होते. केकच्या दुकानात पुठ्ठ्याचे, सोनेरी कागद लावलेले, लहान मुलांना फुकट. चप्पलच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या बाईच्या डोक्यावर एक. बसस्टॉपवर एक आई आपल्या मुलीच्या डोक्यावर तो कागदी मुकुट पिनांनी बसवत होती, आणि मुलगी ओरडत होती, आई टोचतंय, आणि आई म्हणत होती, थोडं सोस, छान दिसतेस. तिला वाटलं पुढे होऊन त्या बाईचा हात धरावा. धरला नाही. ती भराभर चालत राहिली. काय म्हणून ही सगळी माणसं खुश होती? दुसऱ्याच्या घरातले दगड दुसऱ्याच्या डोक्यावर चढले की यांच्या पोटात का गोड होतं? आणि ती नवरी, कुठल्या तरी साध्या घरातली, शाळेत शिकवायची म्हणे. तिची मान तिने नीट पाहिली होती. ती कशी धरायची हे त्या पोरीला कोणीतरी शिकवलं होतं. चार वर्षांनी तिचंही डोकं गाळायचं ठरलं तर गाळतील, तेवढीच एक ओळ कमी. चोर ते चोर, वर शिरजोर. तिला त्या मुलीची कणव यायला हवी होती, पण रागात कणवेला जागाच उरली नव्हती, आणि रागाचं खरं टोक नवरीकडे नव्हतंच. ते कुठे होतं हे तिला ठाऊक होतं. दुपारपासून ती त्या जागेला वळसा घालून चालत होती.

कारण तिला एक मुलगी झाली होती. त्या नऊ वर्षांतल्या सहाव्या वर्षी. जेमतेम एक रात्र जगली. हाताच्या पंजात डोकं मावायचं, आणि त्या डोक्यावर ओले काळे केस. नाव ठेवायला वेळ मिळाला नाही. ती आपली तिला ठकी म्हणाली, जुन्या बाहुलीला म्हणतात तसं, आणि तेच राहिलं. घराण्यात मूल जन्माला आलं की फाटकावर पाटी लावायची रीत होती. पाटी लागली नाही. ठकी गेली तेव्हा पाटी अजून रंगवून झाली नव्हती. आणि मग जे जाहीरच झालं नाही त्याचं दुःख तरी जाहीर कसं करणार, म्हणून तेही झालं नाही. वाड्यामागच्या बागेच्या टोकाला, जिथे त्यांची माणसं मातीत ठेवतात, तिथे एका लहान दगडावर दोन शब्द कोरले: धाकट्यांची कन्या. आईचा उल्लेख नाही. ती म्हणाली, ठकी लिहा. ते म्हणाले, हे काही नाव नव्हे. घर सोडताना वकिलासमोर एवढंच ठरलं की तिने कुठे काही बोलायचं नाही आणि त्यांनी तिला वर्षातून एकदा बागेत जाऊ द्यायचं. ती दर वर्षी फोन करायची. कधी हो म्हणायचे. कधी म्हणायचे, सध्या जमणार नाही, रंगकाम चाललंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही रांगेत उभं राहून मागायचा. आज ती बाई टीव्हीवर म्हणाली, मध्ये कोणीच नव्हतं. मध्ये सूनच नव्हती तर बागेतला तो दगड कोणाचा? धाकट्यांची ती कन्या आकाशातून पडली होती काय?

दिवे लागले होते. तिने चहा केला होता आणि तो तसाच होता. फोन वाजला तेव्हा तिला वाटलं, बहीण असेल. "मी बोलतेय," पलीकडून आवाज आला, आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली. इतकी वर्षं झाली तरी पाय आपले आपण उभे राहिले. मग तिला त्याचा इतका संताप आला की ती मुद्दाम, जोर लावून, परत खाली बसली.

"बोला," ती म्हणाली.

"माझं वय झालंय, मला फार बोलवत नाही," राणीसाहेब म्हणाल्या. आवाज खरंच वाळला होता, पानासारखा. "तू आज जे केलंस ते तुला शोभलं नाही."

"तुमच्या बाईला खोटं शोभलं?"

"तिला आम्ही सांगितलं तसं ती बोलली. नव्या मुलीचा दिवस होता. त्यात मोडलेलं लग्न कशाला आणायचं? अपशकुनासारखं दिसतं."

"मी अपशकुन?"

"मी तसं म्हटलं नाही."

"आत्ताच म्हणालात."

मागे कुठेतरी वाद्यं वाजत होती, हसण्याचा आवाज होता, आणि एक म्हातारी बाई एखाद्या बंद खोलीत फोन धरून बसली असणार हे तिला दिसलं. "मुकुटाचं एवढं काय घेऊन बसलीस," राणीसाहेब म्हणाल्या. "तुला तो कधी आवडला नव्हता."

"मुकुट घाला चुलीत. मी नव्हते तर ती कोणाची?"

कोण, असं राणीसाहेबांनी विचारलं नाही. ते त्यांनी विचारलं असतं तर तिने तिथेच फोन आपटला असता, आणि कदाचित ते बरं झालं असतं. पण म्हातारीचा श्वास मात्र ऐकू आला. "तिला मीच गुंडाळलं होतं," राणीसाहेब हळूच म्हणाल्या. "तुला शुद्ध नव्हती. माझी शाल होती. तुला कोणी सांगितलं नसेल." तिला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. पण ती विरघळली नाही, कारण या घरची ही जुनी खोड तिला माहीत होती. आधी एक मऊ गोष्ट हातात ठेवायची आणि मग मूठ मिटायची. तसंच झालं. "ऐक," राणीसाहेब म्हणाल्या, "उद्या तुझ्या दुकानात पेपरवाले येतील. आम्हाला विचारून गेलेत. तू त्यांना सांग, मी एक एकटी बाई, लग्न बघून भरून आलं, काहीतरी बोलून गेले. एवढंच. मग बागेचं फाटक तुला कधीही उघडं. फोन नको, परवानगी नको. मी शब्द देते. मी असेन तोवर आणि माझ्यामागेही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ठरलेलं तू मोडलंस, मी नाही. मग ते फाटक माझ्याच्याने उघडणार नाही."

"दगडावर तिचं नाव घालाल?"

"ते नाव नव्हे, गं," राणीसाहेब म्हणाल्या, आणि त्या 'गं'मध्ये इतकी थकलेली माया होती की तिला किंचाळावंसं वाटलं. तिने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आधी तिने ठेवला.

फाटक कधीही उघडं. ती ते शब्द तोंडात घोळवत राहिली. त्यांना चव होती, हे ती स्वतःपाशी नाकारू शकत नव्हती. सकाळी जायचं, दव असताना, दगडाच्या कडेचं गवत उपटायचं, मनात येईल तेवढा वेळ बसायचं. मागे घड्याळ पाहत उभा राहिलेला दरवान नाही. आणि किंमत काय, तर चार वाक्यं. एकटी बाई, भरून आलं. लोक हसतील, दोन दिवसांनी विसरतील. लोकांचं काय घेऊन बसायचं. आईने नाही का सोसलं, त्या उंच पाठीच्या खुर्चीवर, पर्स घट्ट धरून, आणि घरी गेल्यावर एका शब्दाने विचारलं नाही की माझी फुलं कुठे आहेत. बशीतच राहिली ती. कोणी परत दिली नाहीत, हिनेही मागितली नाहीत. आई गेल्यावर आठवली. तो न विचारलेला प्रश्न तिच्या छातीत आईच्या आवाजात अजून होता. आई का गप्प बसली? लेकीचं नीट चालावं म्हणून. ही का गप्प बसली? लेकीजवळ जाता यावं म्हणून. सगळ्या बायकांना त्यांनी त्यांच्या मुलींच्या नावाने गप्प केलं होतं. हे लक्षात आलं तेव्हा तिचा राग एकदम थंड झाला, विझला नाही, लोखंड पाण्यात घातल्यावर होतं तसा झाला. आणि ती कपडे न बदलता, तशीच आडवी होऊन, गाढ झोपली.

सकाळी दुकानासमोर खरंच माणसं होती. दोघं कॅमेरेवाले, एक जाडा गृहस्थ, आणि पुढे माईक घेऊन एक तरुण मुलगी, झोप न झालेली, कालपासून लग्नातच उभी असल्यासारखी. तिने कोणाकडे न पाहता कुलूप काढलं, शटर वर ढकललं. ते मध्येच अडकलं, रोजच अडकायचं. जाड्या गृहस्थाने हात लावला, तिने नको म्हटलं आणि खांदा लावून वर नेलं. दिवे लावले. 'बंद'ची पाटी उलटी केली. मग ती दारात येऊन उभी राहिली. अजून वेळ गेलेली नव्हती. चार वाक्यं तोंडात तयार होती, आणि त्या चार वाक्यांच्या पलीकडे दव पडलेलं गवत होतं.

"मॅडम," मुलीने माईक पुढे केला, आणि डोळ्यांत खरोखरची उत्सुकता आणून विचारलं, "तो मुकुट डोक्यावर असताना नेमकं कसं वाटलं होतं?"

"मुकुटाचं नंतर विचारा," ती म्हणाली. "आधी हे लिहून घ्या. मला एक मुलगी झाली होती."